मामाचा कान

माझ्या मामाला स्वर ऐकू येत, व्यंजने ऐकू येत नसत. हे एवढे साधे वाक्य माझ्या मनात जुळायला फार वर्षे जावी लागली. कारण लहानपणी आम्ही सारे मामा बहिरा आहे, एवढेच म्हणत असू. खरे तर तो बहिरा नव्हता. मागून हाक मारली तर वळून बघे. कोणी रागाने बोलते आहे की मायेने, हे त्याला बिनचूक कळे. शब्द मात्र कळत नसत. आजीने एकदा परसातून ‘साप, साप’ असा आरडाओरडा केला, तेव्हा हा स्वयंपाकघरातून ताकाचे भांडे घेऊन धावत बाहेर आला. त्यावर घरात पुढे कित्येक वर्षे हसणे चाले. ‘साप’ आणि ‘ताक’ या शब्दांतला ‘आ’ तेवढा त्याच्यापर्यंत पोचला होता; बाकीचे वाटेत गळून पडले होते.

(मामाला अहो-जाहो करायची आमच्याकडे रीत नव्हती, म्हणून येथेही एकेरीच लिहितो. तसे न लिहिले तर तो मला दुसराच कोणी माणूस वाटू लागेल.)

वयाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे १९६४ साली, तो भिवंडीत यंत्रमागावर लागला आणि अठरा वर्षे तेथे राहिला. ज्यांनी मागांच्या शेडमध्ये पाऊल ठेवले आहे त्यांना तो आवाज सांगायला नको. धोटा एका बाजूने फेकला जातो, दुसऱ्या बाजूला आदळतो, परत फेकला जातो. आणि असे पंचवीस-तीस माग एका छपराखाली. आवाजाची पातळी शंभर डेसिबलच्या घरात जाते. अशा गोंगाटाने कान एकदम जात नाही. तो वरच्या टोकाकडून झिजत येतो. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या ज्या सूक्ष्म केसपेशी असतात, त्यांपैकी चार हजार हर्ट्झच्या आसपासचे उंच ध्वनी टिपणाऱ्या पेशी आधी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. स, श, त, क, फ ही व्यंजने त्याच उंच प्रदेशात राहतात. स्वर खालच्या प्रदेशात असतात, म्हणून ते वाचतात. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापडगिरण्यांतल्या बायकांनी याच कारणाने ओठांच्या हालचालींची स्वतःची एक बोली तयार केली होती. मागांच्या गदारोळात त्या ओठांवरून एकमेकींशी गप्पा मारत. मामालाही ओठ वाचता येत. त्यामुळे त्याच्याशी बोलताना तोंड त्याच्याकडे हवे आणि उजेड पुरेसा हवा, हे आम्हाला न सांगता कळले होते.

आपली व्याकरणपरंपरा सांगते की स्वर स्वतःच्या बळावर उभे राहतात आणि व्यंजनांना उच्चारासाठी स्वराचा आधार लागतो. वर्गात हे शिकवताना मला हटकून मामा आठवतो. आधार लागतो हे खरे. पण एका शब्दाला दुसऱ्या शब्दापासून वेगळे करण्याचे बहुतेक काम ही परावलंबी व्यंजनेच करतात. ती गेली की उरते ती फक्त बोलण्याची माया किंवा बोलण्याचा राग. अर्थ जातो, भाव राहतो.

०००

मागावरच्या पाळ्यांतून उरलेल्या वेळात मामा भिवंडीतल्या एका उस्तादाच्या हाताखाली मोटारींचे काम शिकला होता. १९८२ साली त्याने माग सोडला आणि खारबावला, चिंचोटीहून कामणवरून अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पत्र्याचे छप्पर टाकून गॅरेज काढले. आज त्या बाजूला जिकडेतिकडे गोदामे आणि कंटेनरच्या रांगा दिसतात. तेव्हा दोन्ही बाजूंना भातशेती होती. पलीकडून वसई-दिवा लोहमार्गावरच्या मालगाड्या जात. गंमत अशी की मालगाडी येते आहे हे मामाला माझ्याआधी कळे. तो म्हणे, पायाला कळते.

त्याच्या धंद्यात सर्वांत नावाजलेले काम म्हणजे इग्निशनचे. हे ऐकून कोणालाही आश्चर्य वाटे. कारण त्या काळी गाडीचे टायमिंग लावणे हे कानाचे काम समजले जाई. मामा ते तळव्याने आणि जबड्याने करी. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ जबड्याच्या हाडाला लावायची. चार सिलिंडरचे इंजिन मंद गतीवर, मिनिटाला आठशे फेऱ्यांनी फिरत असले तर त्यात मिनिटाला सोळाशे ठिणग्या पडतात, म्हणजे सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. एक सिलिंडर चुकत असला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करत असली, तर त्या ठोक्यात सेकंदाला सहा-सात खड्डे पडतात. हा सगळा खालच्या प्रदेशातला, स्वरांच्याही खालचा व्यवहार आहे. तो मामासाठी शाबूत होता. किंबहुना इतर आवाज मावळल्यामुळे तो अधिकच स्पष्ट झाला असावा.

या यंत्रणेचे थोडके वर्णन येथे केले पाहिजे, कारण पुढची गोष्ट तिच्यावर उभी आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण पिस्टन दाबतो आणि नेमक्या क्षणी प्लगच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडते. ही ठिणगी पाडण्याची जी पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास रूढ केली, तीच पुढे साठ-सत्तर वर्षे जगभरच्या मोटारींत चालली, आणि आपल्याकडे तर त्याहूनही अधिक काळ. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून जात असतो. डिस्ट्रिब्युटरमध्ये बसवलेले दोन इवलेसे संपर्कबिंदू, ज्यांना कोणी ‘सीबी पॉइंट’ म्हणते तर कोणी ‘प्लॅटिनम’, एकमेकांपासून विलग होतात आणि तो प्रवाह तुटतो. तुटण्याच्या त्या क्षणी कॉइलमधले चुंबकक्षेत्र कोसळते आणि पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका निर्माण होतो. तो रोटरकरवी ज्या प्लगची पाळी असेल त्याला मिळतो. ठिणगी जोडण्यातून जन्मत नाही, तोडण्यातून जन्मते, ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी अकरावीत होतो आणि मला ती फार मोठी कविता वाटली होती. मामाला तसे काही वाटत नसे. पॉइंट घासून साफ करणे हे त्याच्या दृष्टीने दात घासण्यासारखे होते.

दुसरी गोष्ट टायमिंगची. पिस्टन अगदी वर पोचला की ठिणगी पडावी, असे कोणालाही वाटेल. तसे केले तर उशीर होतो. मिश्रण पेटायला आणि आग सिलिंडरभर पसरायला काही सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यात पिस्टन खाली निघालेला असतो. म्हणून तो वर येत असतानाच ठिणगी पाडावी लागते. इंजिन जितके वेगाने फिरेल तितकी ती अधिक आधी. हे ‘आधी’ किती, यावर सारे अवलंबून असते. कमी पडले तर गाडी ओढत नाही. जास्त झाले तर आगीच्या पुढे उरलेले, दाबाने आणि उष्णतेने तापलेले मिश्रण आपण होऊन एकाच वेळी भडकते. त्या धक्क्याने सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटू लागतात. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. सर्वांत जास्त ताकद मिळते ती बहुधा या नॉकिंगच्या उंबरठ्याच्या किंचित अलीकडे.

०००

ती गाडी आली १९९५ च्या हिवाळ्यात. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीचे दिवस गॅरेजवर काढत असे. गाडी साधीच होती, फियाट. पण तिचे इंजिन साधे नव्हते. चेन्नईजवळच्या सोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, त्यांत ती एके काळी धावली होती, असे तिचा नवा मालक सांगे. हा वसईकडचा एक हौशी तरुण. मूळचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे आणि चाळीसएक अश्वशक्तीचे. या गाडीचे हेड घासून दाब वाढवला होता, कॅम बदलला होता, कार्बोरेटर मोठा बसवला होता. मूळ इंजिन ज्या फेऱ्यांवर धापा टाकू लागे, तेथून हिचे खरे आयुष्य सुरू होत असे. आता मात्र ती वरच्या वेगात अडखळत होती.

मामाने दोन दिवस घेतले. पहिल्या दिवशी त्याने काहीही बदलले नाही. फक्त उघडून पाहिले. पॉइंटच्या एका बाजूला टेकडी झाली होती आणि दुसऱ्या बाजूला खळगा. धातू इकडून तिकडे गेला होता. कंडेन्सर योग्य क्षमतेचा नसला की असे होते, हे त्याने मला तेव्हा दाखवले. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटी वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप आधी पडू लागते. त्यांपैकी एक वजन जुन्या ग्रीसमध्ये रुतले होते. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर त्या इंजिनाला सेकंदाला दोनशे ठिणग्या लागतात; दोन ठिणग्यांमध्ये पाच सहस्रांश सेकंद, आणि त्यातही पॉइंट मिटलेले असतात तो दोन-तृतीयांश वेळ. तेवढ्यात कॉइल भरली पाहिजे. पॉइंटची स्प्रिंग मऊ असली तर ते मिटताना उसळतात आणि कॉइल उपाशी राहते. अडखळण्याचे कारण हे सगळे मिळून होते.

दुसऱ्या दिवशी नवे पॉइंट, कडक स्प्रिंग, नवा कंडेन्सर. वजने रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा बसवली. फटीत फिलर गेजची पाती सरकवून मामा डोळे मिटी. पाती किती अडते यावरून त्याला अर्ध्या मिलिमीटरच्या आतले अंतर समजे. प्लग ‘थंड’ जातीचे घेतले; जे आपली उष्णता लवकर हेडकडे सोडून देतात ते थंड. तापट इंजिनाला थंड प्लग लागतो आणि मवाळ इंजिनाला गरम. मामा म्हणे, नवराबायकोसारखे. मग एक-तीन-चार-दोन या क्रमाने वायरी. शेवटी टायमिंग. तेही तो डोळ्याने लावी. कॉइलच्या वायरीला एक छोटा बल्ब जोडायचा आणि डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा. पॉइंट विलग झाले की बल्ब पेटतो. ज्याला ऐकू येत नाही त्याने आवाजाचा उजेड करून घेतला होता.

पण बल्ब सांगतो ते स्थिर इंजिनाचे. दाब वाढवलेले, कॅम बदललेले इंजिन पुस्तकातल्या आकड्यांना बांधलेले राहत नाही. त्यात त्या काळचे साधे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे, म्हणजे नॉकिंगला लवकर शरण जाणारे. अशा वेळी एकच उपाय. गाडी रस्त्यावर काढायची, चौथ्या गिअरमध्ये हळू वेगातून एकदम दाबायची आणि ऐकायचे. काही ऐकू आले नाही तर थोडे पुढे. पुन्हा फेरी. असे करत करत नॉकिंग ऐकू आले की थोडे मागे यायचे आणि तेथे कसायचे. उंबरठा ओलांडल्याशिवाय तो कोठे आहे हे कळत नाही.

नॉकिंगचा आवाज त्या आकाराच्या सिलिंडरमध्ये सात-आठ हजार हर्ट्झच्या आसपास असतो. हे मी नंतर वाचले. तेव्हा एवढेच माहीत होते की हा एक आवाज मामाला तळव्याने कळत नाही, जबड्यानेही कळत नाही. जेथे व्यंजने राहतात तेथेच, किंबहुना त्यांच्याही वरच्या आळीत तो राहतो.

०००

रात्री नऊच्या पुढे रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही निघालो. मी चालवत होतो, मामा शेजारी, मालक मागे. मामाने निघताना मला सांगितले होते, “कुडकुड आयकू आली तं सांग.” तो डॅशबोर्डवर तळवा ठेवून बसला होता.

पहिल्या फेरीत काही नव्हते. मामाने बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर फिरवला. दुसऱ्या फेरीत गाडी अधिक जोमाने सुटली. मामाने माझ्याकडे तोंड वळवले. “गारी काय बोलते?” मी म्हणालो, “काही नाही.” ते खरे होते. आणखी थोडे पुढे. तिसऱ्या फेरीत, पेडल दाबल्यावर पहिले तीन-चार क्षण, मला काहीतरी ऐकू आले. फार बारीक. पत्र्याच्या डब्यात साबुदाणा हलवावा तसे. कुडकुड म्हणताना माझ्या मनात थंडीत वाजणाऱ्या दातांचा आवाज होता, आणि हा तसा नव्हता. नंबर प्लेट सैल असेल. खिडकीची काच असेल. मागे मालक आनंदाने काहीतरी ओरडत होता, कारण गाडी पूर्वी कधी ओढली नव्हती तशी ओढत होती.

“आयकू येतं का काय?”

मी म्हणालो, “नाय.”

त्या ‘नाय’चा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. ते सरळ खोटे नव्हते. मला ऐकू आले होते. पण जे ऐकू आले तेच हे, याची खात्री नव्हती. खात्री नाही म्हणायची लाज वाटली. मी शिकणारा मुलगा, घरातला एकटा कॉलेजात जाणारा, आणि ऐकणे ही एकच गोष्ट अशी होती जी मामापेक्षा मला अधिक चांगली येते असे सर्वांनी धरून चालले होते. शिवाय मागे बसलेला माणूस खूश होता आणि मामाच्या चेहऱ्यावरही समाधान उमटू लागले होते. अशा वेळी ‘मला नीट कळत नाही’ हे वाक्य फार जड असते. ‘नाय’ हलके असते.

मामाने आणखी एक केस पुढे केले. चौथ्या फेरीतही तो आवाज होता. आता तो ओळखीचा झाला होता, म्हणून मी त्याच्याकडे लक्षच दिले नाही.

शेवटी मामाने प्लग पाहिले. यासाठी पूर्ण वेगात असतानाच क्लच दाबून चावी बंद करावी लागते आणि गाडी तशीच कडेला घ्यावी लागते. हळू चालवत घरी आणली तर मंद गतीतली काजळी प्लगवर बसते आणि वेगात इंजिनाने काय लिहिले ते पुसले जाते. प्लगचे पांढरे पोर्सेलिन बिस्किटी रंगाचे झाले असेल तर ठीक. काळे असेल तर इंधन जास्त. चुन्यासारखे पांढरे असेल तर इंजिन जळते आहे. रंग बिस्किटी होता. नॉकिंग असेल तर त्यावर मिरपुडीसारखे बारीक ठिपके दिसतात. ते असतील तर बॅटरीच्या पिवळ्या उजेडात दिसले नाहीत. आणि मामाने फार निरखलेही नाही, कारण त्याने कानाला विचारले होते आणि कानाने उत्तर दिले होते.

०००

तीन आठवड्यांनी गाडी दोरीने ओढून आणली. मामाने हेड उतरवले. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची कड वाळवीने खाल्ल्यासारखी झाली होती आणि वरची रिंग तुटून सिलिंडरची भिंत ओरखडली होती. मामा त्या पिस्टनकडे बराच वेळ पाहत राहिला. मग तो माझ्याकडे वळला आणि त्याने विचारले, “त्या रात्री आयकू आल्ती का?”

मी मान हलवली.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. मालकाला त्याने सांगितले की चूक माझी आहे, आणि पिस्टन, रिंगा, सिलिंडर घासून घेण्याचा खर्च स्वतः सोसला. गॅरेजच्या हिशेबात तो खर्च लहान नव्हता. त्या वर्षी छपराचे पत्रे बदलायचे होते, ते राहून गेले. पावसाळ्यात गळक्या छपराखाली काम करताना प्रत्येक थेंब मला मोजून पडतो आहे असे वाटे.

त्याच संध्याकाळी त्याने एक रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्यात सायकलच्या बेअरिंगचे चार-पाच बारीक छर्रे टाकले आणि डबा माझ्या कानाजवळ नेऊन हलवला. तोच आवाज. बारीक, कोरडा, चिकटून न राहणारा. उस्तादाने मला असाच दाखवला होता, तो म्हणाला. तेव्हा मला आयकू येत होता. मग त्याने डबा स्वतःच्या कानाजवळ नेऊन हलवला, एक क्षण थांबला, आणि खाली ठेवला. त्याला काहीच ऐकू आले नव्हते. ज्या आवाजाचा अर्थ त्याला पुरता ठाऊक होता तो आवाज त्याच्याकडे उरला नव्हता. आणि ज्याच्याकडे आवाज होता त्या माझ्याकडे अर्थ नव्हता. आम्ही दोघे मिळून एक धड माणूस होतो, आणि मधली जागा माझ्या एका ‘नाय’ने तोडली होती. या तोडण्यातून ठिणगी पडली नाही, पिस्टन गेला.

०००

पुढे मी साहित्य शिकवू लागलो. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काव्याच्या सूचित अर्थाला ‘ध्वनी’ हे नाव दिले. शब्द त्याने वैयाकरणांकडून घेतला आणि सूचित अर्थाच्या एका प्रकाराला घंटेच्या अनुरणनाची उपमा दिली. विद्यार्थ्यांना ही उपमा आवडते. मला मात्र ती सांगताना नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते. अनुरणन ऐकू येणे वेगळे आणि ते अनुरणन आहे हे कळणे वेगळे. ही दोन्ही ज्याच्या ठायी एकत्र असतात त्याला आपली परंपरा सहृदय म्हणते. पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरी, फार मामुली दिसणारी गोष्ट असते, जिच्याबद्दल काव्यशास्त्र फारसे बोलत नाही. ती म्हणजे जे ऐकू आले ते, खात्री नसतानाही, जसेच्या तसे सांगण्याचे धैर्य.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधल्या वाचकांना कवींची नावे झाकून कविता दिल्या आणि त्यांनी काय लिहिले ते १९२९ साली पुस्तकरूपाने मांडले. त्या पुस्तकाचा उल्लेख बहुधा वाचकांच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून होतो. मला त्यात अज्ञानापेक्षा घाई अधिक दिसते. अनेकांना काहीतरी ऐकू आले असावे. पण ते मनातल्या कुडकुडीशी जुळेना, म्हणून त्यांनी ते नंबर प्लेटवर ढकलले आणि तयार उत्तर लिहून टाकले. आमच्या वर्गांतही हेच चालते. कविता वाचून झाल्यावर ‘काय वाटले?’ असे विचारले की मुले माझ्या चेहऱ्याकडे पाहतात. मी खूश कशाने होईन, गाडी कोणत्या दिशेने ओढते आहे, याचा अंदाज घेतात. चूक त्यांची नाही. मागच्या आसनावर बसून आनंदाने ओरडणारा माणूस बहुतेक वेळा मीच असतो.

म्हणून अलीकडे मी वर्गात एक उत्तर आवर्जून मान्य करतो: “सर, काहीतरी ऐकू आले, पण काय ते कळले नाही.” परीक्षेत त्याला गुण देता येत नाहीत, याचे वाईट वाटते.

०००

आता मोटारींना कान फुटले आहेत. इंजिनाच्या अंगावर एक लहानसा संवेदक बसवलेला असतो. तो नेमक्या त्या उंच कंपनांसाठीच लावलेला असतो, आणि कुडकुड जाणवताच संगणक त्या क्षणी ठिणगी मागे घेतो. पॉइंट नाहीत, कंडेन्सर नाही, फिरवायला डिस्ट्रिब्युटर नाही; प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल. त्या यंत्राला लाज नसते आणि कोणाला खूश करायचे नसते, म्हणून ते खरे सांगते. प्रीमिअर पद्मिनी हे नाव घेतलेली ती फियाट कारखान्यातून बाहेर पडायची या शतकाच्या सुरुवातीलाच थांबली होती. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस गेली. मामाने ती बातमी मला वर्तमानपत्रात बोट ठेवून दाखवली. आता त्याला स्वरही फारसे ऐकू येत नाहीत.

गेल्या दिवाळीत मी माझी गाडी घेऊन खारबावला गेलो होतो. गॅरेज मामेभाऊ चालवतो; बहुतेक काम गोदामांकडे येणाऱ्या टेम्पोंचे. मामा बाहेर खुर्चीवर बसून असतो. माझ्या गाडीत लावण्यासारखे काही नव्हते. तरी त्याने चारही कॉइली उपसून प्लग काढायला लावले, उन्हात धरून एकेक पाहिला, पुन्हा बसवून घेतले. मग आम्ही दोघे चिंचोटीच्या बाजूला निघालो. रस्ता कंटेनरांनी भरलेला. जेमतेम एकदा गाडी दाबता आली. त्याचा तळवा डॅशबोर्डवर होता. त्याने तोंड माझ्याकडे वळवले.

“गारी काय बोलते?”

मी ओठ त्याला दिसतील असे केले आणि सावकाश म्हणालो, “नीट कळत नाय, मामा.”

त्याने मान डोलावली. “मंग परत एक फेरी मारू,” तो म्हणाला.